पुश्त्यातली ऊब

१

बाळंतिणीच्या खोलीत वारा शिरता कामा नये, एवढं सोजरबाईला पक्कं ठाऊक होतं. बाकी जगात काय व्हायचं ते होवो. लेक शारदा पहिल्या बाळंतपणाला येणार असं ठरलं तशी तिनं मागच्या खोलीतली एकेक फट हुडकून काढली. खिडकीच्या चौकटीत चिंध्या कोंबल्या, कौलांखाली तरट ठोकलं आणि मागच्या भिंतीला शेणमातीचा जाड हात दिला.

मागची भिंत खरं तर घराची नव्हतीच. राजपुऱ्यातली ती सगळी ओळ पुश्त्याला पाठ लावून बसलेली. वरून सडक जाते. सडकेखालची माती घरांवर येऊ नये म्हणून कोणे एके काळी दगडांची उंच भिंत घातलेली, तोच पुश्ता. तीन भिंती आपल्या, चौथी पुश्त्याची, असं प्रत्येकाचं घर. वरून केळीचा ट्रक गेला की खाली मांडणीवरची भांडी किणकिणायची. सोजरबाई नवी नवरी होऊन आली तेव्हापासून ती किणकिण ऐकत होती. आता तिला ती ऐकूही यायची नाही.

तिच्या खोलीत पुश्त्याला एक भेग होती. जुनीच. वरच्या कोपऱ्यातून निघून खाटेच्या वर हातभर येऊन थांबलेली, बोट जाईल एवढी रुंद. उन्हाळ्यात तिच्यातून गार हवा यायची. नवरा जिवंत होता तेव्हा तो दुपारचा तिकडेच डोकं करून निजायचा. पण बाळंतिणीला ती हवा कशी चालेल? सोजरबाईनं भेगेत आधी चिंध्या ठासल्या, मग विटांचे तुकडे, मग चिखल, आणि वरून लिपण केलं. भेग होती हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं, इतकं साफ.

थंडीत लिपण वाळायला दोन-दोन दिवस घेतं. बाकीची भिंत काळी, ओली राहिली. भेगेवरचा पट्टा मात्र त्याच संध्याकाळी वाळून पांढरा पडला, चुलीच्या तोंडाशी वाळावा तसा.

सोजरबाईनं हात लावून बघितला.

“बरं झालं,” ती म्हणाली. “तेवढंच काम कमी.”

२

शारदाला मुलगा झाला. दवाखान्यातून घरी आणली ती कान-डोकं बांधून, आणि बाळ तीन दुपट्यांत गुंडाळून. शेगडी पेटली, ओव्या-शेपांची धुरी झाली. खाट पुश्त्याला लावली, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. पुढच्या खोलीत कांड्या भरायचं मशीन आणि सुताची पोती. लूमवाल्यांच्या कांड्या भरून द्यायच्या आणि पोट भरायचं, यावर सोजरबाईनं एकटीनं लेक वाढवली होती, लग्नही लावून दिलं होतं. निंबोल्याला, केळीवाल्यांच्या घरी.

पोरगं गुणाचं निघालं. रडायचंच नाही.

“काय वं सोजर,” शेजारची गोदाबाई दारातून म्हणाली, “पोरगं आहे का बाहुली? माझ्या पोरानं तर पहिल्या दिवशी गल्ली डोक्यावर घेतली होती.”

“तुझं तुझ्यावर गेलं.”

“आणि हे कोणावर गेलं? तुझ्यावर तर नाही!”

दोघी हसल्या. शारदा हसली नाही. तिनं बाळाचा पाय तळव्यात धरला होता.

“आई, पाय गार लागून राहिले याचे.”

“लेकरांचे पाय गारच असतात.”

“पोटपण गार आहे.”

“मग दुपट्यात हात घालू नको सारखा. वारा लावतेस आणि वर मलाच सांगतेस.”

सोजरबाईनं शेगडी खाटेखाली आणखी आत सरकवली. तेव्हा तिची पाठ भिंतीला घासली. लुगड्यातून ऊब लागली, कुणाच्या तरी पाठीला पाठ टेकावी तशी. शेगडीचीच असणार, दुसरी कुठून येते?

३

बुऱ्हाणपूर तेव्हा नवानवा जिल्हा झाला होता. गाड्या वाढल्या, वरची सडक रुंद करायची निघाली, आणि पुश्त्यात किती दम उरलाय ते बघायला इंदूरहून वामनराव नावाचा इंजिनियर आला. त्याच्या हातात पिवळा कॅमेरा, लग्नात शूटिंगवाल्याकडे असतो तेवढा. तो दिवस उगवायच्या आत यायचा, कारण उन्हानं दगड तापले की सगळं सारखंच दिसतं, असं त्याचं म्हणणं.

“हा कॅमेरा ऊब बघतो,” त्यानं जमलेल्या बायांना सांगितलं. “थंडीत दगड गार असतात, आतली माती कोमट असते. जिथे भेग असेल तिथून आतली हवा बाहेर येते. डोळ्याला दिसत नाही, याला दिसते.”

“मग आमचे म्हातारे बघा बरं,” गोदाबाई म्हणाली. “कोणात किती ऊब उरली ते कळू द्या!”

वामनराव लाजला, पण त्यानं पडदा सगळ्यांकडे फिरवला. गल्ली निळीशार दिसत होती, आणि तिच्यात बाया पिवळ्या-पांढऱ्या, दिव्याच्या ज्योतीसारख्या. त्यानं गोदाबाईला भिंतीवर पंजा टेकून काढायला लावला. डोळ्याला भिंत कोरीच, पडद्यावर पंजा उमटलेला. मग तो पिवळ्याचा लाल झाला, लालाचा जांभळा, आणि विझला.

“गेला बाई माझा हात,” गोदाबाई म्हणाली, आणि हात पदराला पुसला.

सोजरबाई मागे उभी राहून बघत होती. तिला हसू आलं नाही. ती पुढे झाली आणि आपल्या दारात आडवी उभी राहिली.

“इथे बाळंतीण आहे. आत यायचं काम नाही.”

“मावशी, दोन मिनिटं. ओळीतल्या सगळ्या खोल्या बघायच्या आहेत. तुमच्या इथे भेग-बिग आहे का?”

“नाही.”

ती साफ खोटं बोलली. पुढच्या गल्लीत एका घराच्या भिंतीवर लाल फुली मारून माणसं बाहेर काढली होती, हे तिनं ऐकलं होतं. सव्वा महिना झाल्याशिवाय बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही. तिच्या आईनं ओलांडला नव्हता, तिनं नव्हता, आणि कुणी इंदूरचा माणूस डबा घेऊन आला म्हणून तिची लेकही ओलांडणार नव्हती.

“भेग नाहीच, तर बघायला काय हरकत आहे?” वामनराव म्हणाला.

ती दारातून बाजूला सरकली.

४

शारदानं तोंडावर पदर घेतला. बाळ गोधडीत झाकलेलं. वामनरावानं कॅमेरा भिंतीकडे धरला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला.

“भेग नाही म्हणालात ना तुम्ही?”

सोजरबाईनं त्याच्या खांद्यावरून वाकून बघितलं. तिनं विटा, चिखल, शेण घालून जे बुजवलं होतं ते सगळं पडद्यावर लखलखत होतं. पण तिची भेग खाटेच्या वर हातभर थांबलेली होती. ही थांबली नव्हती. हिला फाटे फुटले होते, आणि ते खाली, खाटेच्या उशाकडे उतरले होते.

वामनरावानं एक बटण दाबलं, पुन्हा दाबलं, काच पुसली.

“साडेछत्तीस,” तो स्वतःशीच म्हणाला. “माती एवढी नसते. चोवीस, पंचवीस. फार तर सव्वीस.”

“साडेछत्तीस म्हणजे?”

“अंगाइतकं.”

खाटेखालच्या निखाऱ्यांकडे त्याचं लक्ष गेलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. “हां! शेगडी आहे तुमची. तीच ऊब भेगेत शिरत असणार. मावशी, भेग मोठी आहे. मी आजच खोली रिकामी करायला सांगायला पाहिजे.”

“सांगून बघा.”

“वरची माती खाली आली तर...”

“माझी पोर या थंडीत बाहेर काढली आणि तिला वारा लागला, बाळाला काही झालं, तर तुम्ही येणार का निस्तरायला? सडक तुमची, माती तुमची. लेकरू माझं आहे.”

वामनराव वाईट माणूस नव्हता. त्याला घरी बायको होती, कदाचित तिचंही बाळंतपण झालं असेल. तो म्हणाला, “आज रात्री शेगडी ठेवू नका. उद्या पुन्हा बघतो. भिंत गार पडली, म्हणजे ऊब शेगडीचीच. मग काही दिवस थांबता येईल.”

रात्री सोजरबाईनं शेगडी विझवली नाही. विझवली असती तर भिंत गार पडलीच असती, अशी तिची खात्री होती. पण तेवढ्यासाठी लेकराला थंडीत कशाला ठेवायचं? पहाटे माणूस यायच्या आधी तिनं निखारे उचलून परसात नेले आणि वर राख लोटली.

वामनरावानं बघितलं. भिंत तशीच, अंगाइतकी.

“रात्री शेगडी होती?”

“होती,” ती म्हणाली. या खेपेला खरं बोलणं सोयीचं होतं. “राहवलं नाही मला.”

“मग ठीक,” तो म्हणाला, आणि दोघांनाही बरं वाटलं.

५

त्यानंतर वामनराव ओळीच्या दुसऱ्या टोकाला गुंतला, आणि सोजरबाई आपल्या कामाला लागली.

पोरगं दूध ओढायचं, झोपायचं. रडलं नाही. शारदा मात्र सुकत चालली. डिंकाचे लाडू समोर ठेवलेले तसेच राहायचे. ती भिंतीकडे तोंड करून निजायची. सोजरबाईनं हटकलं तर म्हणाली, “तिकडून बरं वाटतं.”

“काय बरं वाटतं?”

“श्वास लागतो ना, तसं.”

“कोणाचा?”

शारदानं बाळाकडे बघितलं, मग आईकडे. “याचाच असेल.”

बाळ तिच्या दुसऱ्या कुशीला होतं.

सोजरबाई उठली. तिनं मांडणीवरची भांडी उगाच पुसून पुन्हा लावली. वरून ट्रक गेला. भांडी किणकिणली, आणि ट्रक पार लांब गेल्यावरही भिंतीच्या आतून काहीतरी सरकल्याचा आवाज येत राहिला. मऊ. झोपेतला माणूस कूस बदलतो तेवढा. माती बसत असेल. इतक्या वर्षांची माती, बसणार नाही तर काय करील?

मग तो दिवस आला, कोळसा भिजल्याचा. परसातलं पोतं दवानं ओलं झालं होतं. तिनं रॉकेल ओतलं, फुंकून फुंकून डोळे लाल केले, पण शेगडी धरेना. सांज झाली. बाहेर हुडहुडी भरत होती. आज खोलीत बर्फ होईल म्हणून सगळी पांघरुणं गोळा करून ती आत गेली, आणि उंबऱ्यातच थांबली.

खोली उबदार होती.

शेगडी सकाळपासून थंड. निखारा नाही, धूर नाही. तरी खोली अशी, जशी दोन-चार माणसं दारं लावून झोपलेली असावीत. तिनं जाऊन भिंतीवर तळवा ठेवला. लेकराला ताप आलाय का हे बघायला कपाळावर ठेवतात तसा ठेवला गेला. तिनं तो ओढून घेतला. मग गोधडी बाजूला करून बाळाच्या पोटावर ठेवला.

इतके दिवस ती लेकीला सांगत होती, हात घालू नकोस. तिनं स्वतः घातलाच नव्हता.

पोट माठासारखं गार होतं. आणि बाळ जागं होतं. शांतपणे तिच्याकडे बघत होतं.

६

“तुम्ही या,” तिनं पहाटेच जाऊन वामनरावाला गाठलं. “आत्ता. भिंत नका बघू. पोर बघा.”

“मावशी, मी डॉक्टर नाही.”

“डॉक्टरीणबाईला रात्रीच घरी आणून दाखवलं. ती म्हणे, वजन बरोबर आहे, रडत नाही तर नशीबवान आहात. तुमच्या डब्याला दिसतं म्हणालात ना? मग बघा.”

तो आला. शारदा उठून बसली होती, बाळाला पाजत होती. तिनं पदर ओढून घेतला. सोजरबाईनं तिच्याकडे बघितलं नाही, पडद्याकडे बघितलं.

भिंत पेटली होती. भेगेचे फाटे उशाशी येऊन खाटेच्या माचव्यावर पोचले होते. शारदा दिसत होती, पण त्या दिवशीच्या बायांसारखी ज्योत नाही. मंद, तेल संपत आल्यासारखी. आणि तिच्या मांडीवर निळा तुकडा. भिंतीच्या गार दगडासारखा निळा. डोकं निळं, हात निळे. दूध ओढणारं तोंड निळं, आणि ते जिथे लागलं होतं तिथून तिच्या छातीवर निळेपण पसरत होतं.

वामनरावानं कॅमेरा जरा मागे घेतला, पुन्हा धरला. “ओल असेल,” तो शेवटी म्हणाला. “ओलं कापड गार दिसतं.”

“असेल,” सोजरबाई म्हणाली. “आणि भिंत?”

“शेगडी...”

“शेगडी काल पेटली नाही.”

त्यानं कॅमेरा खाली केला. तिनं जन्मात कुणाची विनवणी केली नव्हती. ती त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं खोटं बोलावं, एवढंच तिला पाहिजे होतं.

“खोली रिकामी करा,” तो म्हणाला. “मी भिंतीला टेकूच्या बल्ल्या लावायला माणसं आणतो.”

७

“आई, सव्वा महिना झाला नाही अजून,” शारदा म्हणाली.

“खड्ड्यात गेला सव्वा महिना. ऊठ.”

“तूच तर म्हणत होतीस...”

“मीच म्हणते आता, ऊठ. निंबोल्याला तुझी सासू आहे, पक्कं घर आहे, ऊन आहे. जावयांना निरोप दिलाय.”

तिनं लेकीला चपला घातल्या, लहान होती तेव्हा घालायची तशा. बाळाला गुंडाळून तिच्या हातात दिलं. रिक्षा दाराशी उभी होती. गोदाबाई कपाळाला हात लावून बघत होती, आणि या वेळी तिला थट्टा सुचत नव्हती. शारदा उंबरा ओलांडून गेली. ऊन वर आलं होतं. बाळाच्या तोंडावर ऊन पडलं, पण त्यानं डोळे मिटले नाहीत.

सोजरबाई गाठोडं घ्यायला आत वळली. वामनराव खोलीत होता. त्याची माणसं बाहेर बल्ल्या उतरवत होती. तो भिंतीकडे नाही, रिकाम्या खाटेकडे कॅमेरा धरून उभा होता.

“काय आहे?”

त्यानं कॅमेरा खाली करायचा प्रयत्न केला. तिनं त्याचं मनगट धरून पुन्हा वर केलं.

गादीवर शारदा निजायची तिथे तिची खूण होती. लाल, मग जांभळी, आणि बघता बघता विझली. गोदाबाईचा पंजा विझला तशीच, नेहमीच्या रीतीनं. तिच्या शेजारी, भिंतीच्या बाजूला, एक लहान खूण होती. वीतभर डोकं, पोट, आखडून घेतलेले पाय. पिवळीधमक.

दोघं थांबून राहिले. ती विझेना.

“मशीन चुकतं कधी कधी,” सोजरबाई म्हणाली. “म्हणा तसं.”

 वामनराव मागे मागे सरकत दारापर्यंत गेला.

डोळ्यांनी बघितलं तर गादी कोरी होती. चुरगळलेलं सुती पांघरूण, दुधाचा एक डाग. भिंतीवरचं लिपण उशाशी फुगून आलं होतं, आणि त्याला बारीक चिरा पडत होत्या. सोजरबाई खाटेशी गुडघे टेकून बसली. सांगावं का लेकीला, तिचं लेकरू इथेच राहिलंय म्हणून? सांगितलं तर ती हातातलं टाकून आत धावेल, या खोलीत, आणि मग ती कधी बाहेर येणार नाही. आणि नाही सांगितलं, तर ती निंबोल्यापर्यंत त्याला पाजत जाईल. दोन्हीकडून तिची लेक जात होती. तिसरी वाट तिला दिसेना. कुणाला शिव्या द्याव्यात, तर तेही कळेना. भेग तिनंच आपल्या हातानं बुजवली होती.

तिनं हात पुढे केला. गादी ऊन लागली. नुसती ऊन नाही, तळव्याखाली ती वर आली आणि खाली गेली, वर आली आणि खाली गेली. मग तिच्या करंगळीभोवती काहीतरी मिटलं. पाच बारीक बोटं, ओली, तान्ह्या लेकराची असतात तशी.

“आई!” बाहेरून शारदाचा आवाज आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो आनंदी होता. “चल ना वं लवकर! हा बघ, हसून राहिला माझ्याकडे बघून!”

“तू हो पुढे,” सोजरबाई ओरडली. “मी येते मागून.”

“एकटीच?”

“हो म्हटलं ना पुढे!”

रिक्षा सुरू झाली. गल्लीच्या वळणापर्यंत ऐकू आली, मग वरून ट्रक गेला आणि ती ऐकू येईनाशी झाली. वामनराव दारातून म्हणत होता, मावशी, बाहेर या, माती सुटतेय.

सोजरबाईनं बोट सोडवलं नाही. मूठ लहान होती, पण तिच्यात जोर होता. ती भिंतीकडे ओढत होती.